दहा बाय नऊची खोली, दोन मुले आणि बंक बेड : एका निर्णयाचा अभ्यास

डोंबिवलीतील एका दोन बेडरूमच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने मुलांच्या खोलीसाठी बंक बेड, म्हणजे एकावर एक असे दोन पलंग, करून घ्यायचे ठरवले आणि सुताराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याचा आराखडा माझ्याकडे तपासायला पाठवला. तेव्हापासून निर्णय पक्का होईपर्यंत जे पाहिले, मोजले आणि बोलले गेले, त्याची ही नोंद आहे. घरात आई-वडील, आजी, साडेआठ वर्षांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत. एक बेडरूम आई-वडिलांची, आजींचे अंथरूण हॉलमधील दिवाणावर आणि उरलेली दहा फूट बाय नऊ फुटांची खोली दोन्ही मुलांची. एवढ्या जागेत दोन पलंग, कपाट आणि अभ्यासाचे टेबल बसवायचे म्हटले की बंक बेडचा विचार आपोआप येतो, आणि तो येण्यात काही गैर नाही.

आईने मला विचारलेला प्रश्न नेमका होता : मुलगी वर झोपण्याइतकी मोठी झाली आहे का? बहुतेक पालक एवढेच विचारतात. माझ्या मते तो प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही, कारण बंक बेड सुरक्षित आहे की नाही हे वर झोपणाऱ्या मुलाच्या वयाइतकेच त्या खोलीत वावरणाऱ्या सर्वांत लहान मुलावर आणि खोलीच्या मापांवर अवलंबून असते. या घरात उत्तर बदलले ते वयामुळे नव्हे, तर मुलीच्या रात्रीच्या एका सवयीमुळे आणि या शेवटच्या दोन गोष्टींमुळे.

आधी वयाचे पाहू. अमेरिकेत जून 2000 पासून लागू असलेल्या बंक बेडविषयीच्या सुरक्षा नियमांनुसार वरच्या पलंगावर सहा वर्षांखालील मुलांना झोपवू नये, असा इशारा पलंगावरच लावावा लागतो. युरोपातील ईएन 747 हे मानकही उंच पलंगासाठी सहा वर्षांचीच मर्यादा सांगते. ऑस्ट्रेलियातील ग्राहक सुरक्षा यंत्रणा मात्र नऊ वर्षांखालील मुलांना वर झोपवू नये असा सल्ला देते. साडेआठ वर्षांची ही मुलगी या दोन मर्यादांच्या मध्ये येते. सहा आणि नऊ यांतील कोणता आकडा बरोबर, असा वाद घालण्यापेक्षा ही मर्यादा कशासाठी घातली आहे ते समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. दिवसा जागेपणी शिडी चढणे पाच वर्षांच्या मुलालाही जमते. कठीण असते ते मध्यरात्री अर्धवट झोपेत, अंधारात, लघवीला जायच्या घाईत, पाठ खोलीकडे करून पायाने खालची पायरी चाचपत उतरणे. त्यासाठी लागणारा तोल, अंतराचा अंदाज आणि घाई आवरण्याची सवय वयाबरोबर येते, आणि ती प्रत्येक मुलात एकाच वाढदिवशी येत नाही. म्हणून मुलीला मी शिडीवर चढायला सांगितलेच नाही, उतरायला सांगितले. ती सावकाश, तोंड शिडीकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून उतरली. केवळ एवढ्यावर तिला होकार देता आला असता.

परंतु रात्रीच्या सवयींविषयी विचारताना आजींनी एक गोष्ट सांगितली. गेल्या वर्षभरात ही मुलगी रात्री झोपेतच उठून हॉलमध्ये आल्याचे त्यांनी अनेकदा पाहिले होते. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही, आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. आई-वडिलांना हे ठाऊक होते, पण पलंगाशी त्याचा संबंध त्यांच्या मनात आला नव्हता. झोपेत चालणे मुलांमध्ये बऱ्यापैकी आढळते, ते बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातील गाढ झोपेत घडते, ताप किंवा अपुरी झोप असली की वाढते आणि बहुतेकांच्या बाबतीत पौगंडावस्थेपर्यंत आपोआप थांबते. त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते, पण अशा मुलाला जमिनीपासून साडेपाच फुटांवर झोपवणे हा निराळाच धोका आहे. जागे मूल कठड्याजवळ आले की थांबते, झोपेत चालणारे थांबेलच असे नाही. मी डॉक्टर नाही, म्हणून हा मुद्दा त्यांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावा असे सांगितले. डॉक्टरांचे उत्तर स्पष्ट होते : हे पूर्ण थांबून बराच काळ लोटेपर्यंत उंचावर झोपवू नका. फिट येणाऱ्या मुलांबाबतही हाच नियम लागू होतो, आणि सहा वर्षे पूर्ण झालेली असली तरी तो बदलत नाही.

वडिलांचे म्हणणे पडले की मग मुलीला खाली आणि मुलाला वर झोपवू, तो कधी झोपेत उठत नाही. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्यामुळे हा पर्याय विचारात घेण्यासारखाच नव्हता आणि तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. पण त्यातून खरा मुद्दा पुढे आला. कोण कुठे झोपणार हे मोठी माणसे ठरवतात, कोण कुठे चढणार हे मात्र मुले ठरवतात. आम्ही बोलत असताना हा मुलगा खिडकीच्या ग्रिलवर पाय रोवून पडद्याच्या दांडीपर्यंत पोहोचला होता. आराखड्यातील पलंगाच्या पायथ्याकडे, टोकाच्या चौकटीत, पाच आडव्या नळ्या एकावर एक दाखवल्या होत्या, म्हणजे शिडी काढून ठेवली तरी त्याच्यासाठी दुसरी शिडी तयारच होती. अमेरिकेत 1990 ते 2005 या काळात बंक बेडमुळे झालेल्या दुखापतींचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एकवीस वर्षांपर्यंतची दरवर्षी सरासरी सुमारे 36 हजार मुले आणि तरुण अशा दुखापतींसाठी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात गेले. त्यांतील जवळपास निम्मी मुले सहा वर्षांखालील होती आणि जवळपास तीन-चतुर्थांश दुखापती पडल्यामुळे झालेल्या होत्या. पडणे म्हणजे केवळ झोपेत गडगडणे नव्हे. खेळताना, वरून उडी मारताना, शिडीवरून घसरूनही मुले पडतात. या खोलीत खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. त्यावर गालिचा किंवा फोमची चटई टाकली तरी साडेपाच फुटांवरून डोक्यावर आपटलेल्या मुलाला तिचा आधार फार थोडा.

आता खोलीकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब इथेच होती आणि ती आराखड्यात कुठेच दिसत नव्हती. परदेशी मानके प्रामुख्याने पडणे आणि अडकणे या दोन धोक्यांचा विचार करतात. आपल्याकडे त्यांच्या जोडीला प्रत्येक खोलीच्या मध्यभागी फिरणारा छताचा पंखा असतो. सुताराने पलंग काढला होता, खोलीची लांबी-रुंदी काढली होती, पंखा काढलाच नव्हता. मी टेप लावून मोजले. स्लॅबखाली पीओपीचे फॉल्स सीलिंग केल्यामुळे जमिनीपासून छत 254 सें.मी. वर आले होते. आखूड दांडीवर लावलेल्या पंख्याची पाती छतापासून 30 सें.मी. खाली, म्हणजे 224 सें.मी. वर फिरत होती. वरच्या पलंगाची फळी 150 सें.मी. वर आणि तिच्यावर 15 सें.मी. जाडीची गादी, म्हणजे मूल 165 सें.मी. वर बसणार. मुलीची बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची 67 सें.मी. भरली. याचा अर्थ ती वर सरळ बसली तर तिचे डोके 232 सें.मी. वर, पात्यांच्या पातळीच्याही 8 सें.मी. वर जाणार होते.

यावर वडिलांनी रास्त शंका काढली की पंखा पलंगावर नाही, खोलीच्या मध्यावर आहे. म्हणून आडवे अंतरही मोजले. खोलीची रुंदी 275 सें.मी., त्यामुळे पंख्याचा मध्य भिंतीपासून साधारण 137 सें.मी. वर येतो. पंखा नेहमीचा 1200 मि.मी. व्यासाचा, म्हणजे पात्याचे टोक मध्यापासून 60 सें.मी. आणि भिंतीपासून 77 सें.मी. वर. पलंगाची बाहेरची कड भिंतीपासून 107 सें.मी. वर येत होती. म्हणजे पाती पलंगाच्या कडेवरून जवळपास फूटभर आत फिरणार होती, तीही बसलेल्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर. जमिनीवर खडूने पलंगाची चौकट आखली, पंख्याच्या मध्यापासून ओळंबा सोडला आणि 60 सें.मी. दोरीने वर्तुळ काढले, तेव्हा वर्तुळाचा तुकडा चौकटीच्या आत आलेला सर्वांनी पाहिला. त्यानंतर त्या मुद्द्यावर कोणालाच समजावून सांगावे लागले नाही.

सुताराने सुचवले की वरची फळी एक फूट खाली घेऊ. तसे केले तर बसलेल्या मुलीचे डोके पात्यांखाली राहते हे खरे, पण गुडघ्यांवर उभे राहून चादर झटकणाऱ्या किंवा हात वर करून आळस देणाऱ्या मुलाचे हात पात्यांतच जातात. पंख्याला पिंजऱ्यासारखी जाळी बसवण्याची सूचनाही आली. जाळीतून बोट आत जाते, शिवाय हाताशी आलेली जाळी लहान मुलासाठी लोंबकळण्याची जागा होते. माझ्या मते बंक बेड असलेल्या खोलीत छताचा पंखा मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहत नसेल तर तो काढलाच पाहिजे, आणि समोरच्या भिंतीवर, शिडीवरूनही हात पोहोचणार नाही अशा जागी, जाळीचा पंखा लावला पाहिजे. डोंबिवलीच्या एप्रिल-मे महिन्यांत एका भिंतीवरच्या पंख्यावर दोन मुले सुखाने झोपतील का, हा आजींचा प्रश्न हलका नव्हता. उकाड्यामुळे कंटाळून चार महिन्यांनी कोणी पुन्हा छताचा पंखा लावला तर ठरवलेले सारे व्यर्थ होते.

पलंगाच्या आराखड्यात तीन दोष होते. ते दुरुस्त होण्यासारखे असले तरी तसेच राहिले असते तर पंख्याइतकेच घातक ठरले असते, म्हणून ते सविस्तर नोंदवते. पहिला कठड्याच्या नळ्यांमधील अंतराचा. आराखड्यात दोन आडव्या नळ्यांमध्ये 14 सें.मी. मोकळी जागा होती. अमेरिकी नियमानुसार वरच्या पलंगाच्या कठड्यातील फट साडेतीन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 8.9 सें.मी. पेक्षा मोठी असता कामा नये. त्यामागचे कारण ऐकायला भयंकर आहे, पण ते प्रत्येक सुताराला आणि पालकाला माहीत हवे. लहान मुलाचे धड त्याच्या डोक्यापेक्षा चपटे असते. पाय आणि पोट ज्या फटीतून निसटून खाली जातात, तीतून डोके बाहेर येत नाही आणि मूल मानेवर लटकते. फट मोठी असली की मूल निदान पूर्ण बाहेर पडेल, असा समज करून घेणे म्हणूनच चुकीचे आहे.

दुसरा दोष भिंतीकडच्या बाजूचा. खोलीच्या कोपऱ्यात आरसीसी कॉलम भिंतीपुढे 10 सें.मी. आला आहे, अशी रचना आपल्या इमारतींत सर्रास असते. त्यामुळे पलंग पूर्ण लांबीभर भिंतीपासून 10 सें.मी. दूर उभा राहणार होता आणि त्या बाजूला भिंत आहे म्हणून सुताराने कठडाच दिला नव्हता. युरोपीय मानकानुसार कठडा आणि भिंत यांमधील अंतर एकतर साडेसात सें.मी. पेक्षा कमी असावे किंवा 23 सें.मी. पेक्षा जास्त; मधले अंतर अडकण्याचे. अमेरिकी नियमही दोन्ही बाजूंना कठडा मागतो आणि भिंतीकडचा कठडा सलग हवा असे सांगतो. झोपेत भिंतीकडे सरकलेले मूल गादी आणि भिंत यांच्या बेचक्यात उतरते, हे ज्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही त्यांना भिंत हाच कठडा वाटतो. पलंग भिंतीला बोल्टने जखडण्याचा विचारही झाला, पण ही भिंत एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची आहे आणि तिच्यात साधे प्लास्टिकचे प्लग भार धरत नाहीत. त्यासाठीचे खास अँकर लागतात, आणि ते मागवल्याशिवाय मिळणार नव्हते.

तिसरा दोष गादीचा. कठडा फळीपासून 25 सें.मी. उंच होता आणि तो पुरेसा दिसत होता, पण उंची मोजायची ती गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून. अमेरिकी नियम किमान 12.7 सें.मी. सांगतो, युरोप आणि ऑस्ट्रेलिया 16 सें.मी. कुटुंबाने ठरवलेली 15 सें.मी. गादी घातली की हातात फक्त 10 सें.मी. उरत होते. शिवाय आपल्या घरांत गादीवर गादी चढते : पाहुणे आले की एक कापसाची गादी, थंडीत वर गोधडी. म्हणून कुठल्याही उंच पलंगाच्या खांबावर, गादी याच्या वर येऊ नये अशी ठळक रेघ मारून घ्यावी असे मी नेहमी सांगते.

चर्चेत वडिलांनी दोन गोष्टी मांडल्या आणि दोन्हींना उत्तर देणे मला आवश्यक वाटले. “मॅडम, गावी जाताना ती गाडीत वरच्या बर्थवर झोपतेच की,” हे त्यांचे पहिले म्हणणे. गाडीत एकदोन रात्री, आसपास माणसांचा वावर, समोरच्या बर्थवर स्वतः वडील. आणि तरीही वरच्या बर्थवरून पडलेल्यांच्या बातम्या येतच असतात. घरात तीच परिस्थिती वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री, दार लोटलेले आणि आई-वडील दुसऱ्या खोलीत. दुसरे म्हणणे, ते स्वतः लालबागच्या चाळीत पोटमाळ्यावर झोपून मोठे झाले. पोटमाळा भिंतीत बांधलेला असतो, त्याचा जिना हलत नाही, त्याची जमीन पलंगापेक्षा कितीतरी रुंद असते, आणि त्या जुन्या खोल्यांची उंचीही आजच्या फॉल्स सीलिंगच्या खोल्यांपेक्षा बरीच जास्त होती. त्यांचा अनुभव खरा आहे, परंतु तो या पलंगाविषयी काही सांगत नाही.

मच्छरदाणीचा प्रश्न आजींनी काढला, तो अगदी योग्य वेळी. डेंग्यूच्या दिवसांत मुलांना मच्छरदाणीशिवाय झोपवायला त्या तयार नव्हत्या. वरच्या पलंगाला दोऱ्या बांधून मच्छरदाणी टांगणे मला मान्य नव्हते. वरच्या चौकटीला बांधलेली कोणतीही दोरी, ओढणी, पट्टा किंवा उडी मारायची दोरी गळफासाचा धोका निर्माण करते, आणि मुले खालच्या पलंगाचे घर करून ओढण्यांचे पडदे लावतातच. खिडकीला सरकती जाळी बसवणे हा उपाय सर्वांना पटला. तो पलंग कुठलाही आला तरी उपयोगाचा होता, म्हणून सर्वांत आधी तेच काम झाले.

शेवटी तीन पर्याय उरले. पहिला, सर्व दुरुस्त्यांसह बंक बेड : भिंतीवरचा पंखा, दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यांचा कठडा, 10 सें.मी. गादी, सपाट पायऱ्यांची पक्की शिडी, खास अँकर. हे सारे केले तरी मुलीचे झोपेत चालणे आणि मुलाचे वय या दोन गोष्टी सुताराच्या हातात नव्हत्या. दुसरा, काटकोनात ठेवलेले दोन छोटे पलंग. त्यात कपाटाचे दार उघडत नव्हते. तिसरा, एका साध्या पलंगाखालून रात्री बाहेर ओढायचा दुसरा पलंग. माझा कौल तिसऱ्याला होता आणि कुटुंबाने तोच स्वीकारला.

त्याची किंमत काय पडते तेही सांगायला हवे. खालचा पलंग ओढला की समोरच्या भिंतीलगतच्या 50 सें.मी. खोल टेबलापर्यंत जेमतेम 30 सें.मी. वाट उरत होती. त्यामुळे ठरलेले टेबल रद्द करून भिंतीला मिटणारे टेबल घ्यावे लागले. मुलीला रोज रात्री वह्या-पुस्तके आवरून ठेवावी लागणार, हे तिला मुळीच आवडले नाही. वरचा पलंग मिळणार नाही याचे तिला त्याहून अधिक वाईट वाटले, आणि कारण तिला सरळ सांगितले गेले. झोपेत चालण्यात तिचा काही दोष नाही, हे आईने तिला आवर्जून सांगितले. जमेच्या बाजूला, छताचा पंखा जागच्या जागी राहिला. मुलगी 45 सें.मी. वर झोपेल आणि उठून चालली तर भावाच्या गादीवर पाय ठेवून उतरेल. ती हॉलमध्ये येते हे लक्षात घेऊन रात्री मुख्य दाराची वरची कडी आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचे कुलूप लावायचे, हेही ठरले. पलंग कितीही ठेंगणा केला तरी त्याची गरज होतीच. कॉलममुळे भिंतीलगत उरलेली 10 सें.मी. फट पलंगाच्या उंचीच्या बंद खोक्याने भरून टाकली, कारण ठेंगण्या पलंगाशेजारीही ती फट लहान मुलासाठी वाईटच.

पुढे कधी बंक बेड करता यावा म्हणून आत्ताच पलंगाचे चार खांब उंच ठेवू का, असे सुताराने विचारले. मी नको म्हणाले. कठड्याशिवाय उभे असलेले उंच खांब चढायला आमंत्रण देतात आणि त्यांत कपडे अडकतात. मुलगा सहा वर्षांचा होईल आणि मुलीच्या झोपेत चालण्याला पूर्ण एक वर्ष खंड पडलेला असेल, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारून हा विषय पुन्हा उघडायचा, त्याआधी नाही, असे आई-वडिलांनी मान्य केले. आणि त्या वेळी मोजमाप पंख्यापासून सुरू करायचे. सुताराकडे आता एकच काम बाकी आहे : मिटणाऱ्या टेबलाच्या कंसाला आपोआप अडकणारी खिट्टी नाही, ती बसेपर्यंत धाकट्याच्या बोटांवर फळी पडू शकते, म्हणून शेवटचा हप्ता तोपर्यंत रोखून ठेवायला मी सांगितले आहे.